बेटावरचे घर, धरणाकाठची जमीन: विकले जाते ते नेमके काय?

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. क्षेत्रफळाने राज्यात सर्वात मोठा असलेला हा जिल्हा सह्याद्रीच्या धारेपाशी येऊन थांबतो. अकोले तालुक्यातील घाटघरच्या कड्यावर उभे राहिले की खाली कोकण पसरलेले दिसते. समुद्र मात्र तिथून बराच दूर राहतो. तरीही समुद्राकाठच्या घराचे स्वप्न या जिल्ह्यात रोज पाहिले जाते, मोबाइलच्या पडद्यावर. कुठल्याशा दूरच्या बेटावर, पाण्याला लागून, दोन खोल्यांचे कौलारू घर विकणे आहे, अशी चित्रफीत येते. शेजारी नाहीत, रस्ता नाही, फक्त लाटांचा आवाज. हजारो लोक ती पुढे पाठवतात. आणि त्याच पडद्यावर जरा खाली दुसरी जाहिरात येते: ‘भंडारदरा, लेक टच प्लॉट, पाच गुंठ्यांपासून, सुलभ हप्ते.’

पहिली जाहिरात बघून लोक सुस्कारा टाकतात. दुसरी बघून फोन लावतात. फरक एवढाच की दुसरे स्वप्न खिशाला परवडेल असे वाटते. पण दोन्हींत विकले जाते ते एकच: एकांत आणि पाण्याचा देखावा. तो विकण्याचा अधिकार विकणाऱ्याला आहे का, हा प्रश्न जाहिरातीत कधीच नसतो. अकोल्याच्या बाबतीत त्याचे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असे असते. त्याचा फटका पैसे देणाऱ्या कुटुंबाला बसतो आणि ज्याची जमीन आहे त्या कुटुंबालाही.

बेटावरचे घर कोणालाही विकत घेता येते का?

जगात अनेक ठिकाणी येते, पण सगळीकडे नाही. बाल्टिक समुद्रातील ऑलंड ही फिनलंडची स्वायत्त द्वीपमाला आहे. तिथे जमीन घ्यायची तर ‘रहिवास हक्क’ लागतो. तो मिळवायला फिनलंडचे नागरिकत्व, बेटावर पाच वर्षांचा सलग रहिवास आणि स्वीडिश भाषेचे ज्ञान हवे. मूळचे रहिवासी अल्पसंख्य भाषेचे आहेत, जमीन गेली की भाषा आणि गावही जाईल, हे त्यामागचे कारण.

आपल्या देशातील उदाहरण लक्षद्वीपचे. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या दौऱ्यानंतर लक्षद्वीपची छायाचित्रे घरोघरी पोहोचली. सहलींची चौकशी वाढली, तशी ‘तिथे जागा मिळेल का’ हीसुद्धा. उत्तर सोपे आहे. लक्षद्वीपच्या ३६ बेटांपैकी दहा बेटांवर वस्ती आहे आणि तिथले बहुसंख्य रहिवासी अनुसूचित जमातींचे आहेत. १९६४ च्या विनियमानुसार त्यांच्या जमिनी प्रशासनाच्या परवानगीशिवाय बाहेरच्या माणसाकडे जाऊ शकत नाहीत. पर्यटकाला तर नुसता प्रवेश करायलाही परवाना लागतो.

तिसरे उदाहरण स्कॉटलंडमधील एग बेटाचे. हे बेट पिढ्यान्‌पिढ्या एकेका खासगी मालकाचे होते. मालक बदलत, रहिवासी कुळासारखे राहत. घर दुरुस्त करायचे की नाही, हेही मालकाच्या मर्जीवर. अखेर जेमतेम साठ-सत्तर रहिवाशांनी न्यास उभा केला, देणग्या गोळा केल्या आणि जून १९९७ मध्ये सुमारे १५ लाख पौंडांना आपलेच बेट विकत घेतले. पुढे २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने स्कॉटलंडमधील ग्रामीण समुदायांना जमीन खरेदीत प्राधान्याचा हक्क दिला.

तिन्ही ठिकाणचा धडा सारखाच. बाहेरच्याला जे ‘निर्जन’ दिसते, ते तिथल्या माणसाचे गाव असते.

अकोल्याचा आणि लक्षद्वीपचा संबंध काय?

अकोले तालुक्याचा पश्चिम भाग, म्हणजे राजूरपासून भंडारदरा, रतनवाडी, साम्रद, घाटघरपर्यंतचा पट्टा, प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाजाचा. तालुक्यातील अनेक गावे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात येतात. इथे लक्षद्वीपसारखाच नियम आहे, फक्त कायदा वेगळा.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मधील कलम ३६-अ नुसार, ६ जुलै १९७४ नंतर आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा किंवा अन्य कोणत्याही मार्गाने पूर्वपरवानगीशिवाय जाऊ शकत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. विक्रीसह इतर सर्व व्यवहारांसाठी जिल्हाधिकाऱ्यांना आधी राज्य सरकारची मान्यता घ्यावी लागते. त्याआधीच्या काळात, १९५७ ते १९७४ दरम्यान, हातातून गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी राज्याने १९७४ मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्याला आव्हान मिळाले, पण सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो वैध ठरवला. १९९६ च्या ‘पेसा’ कायद्यानेही अनुसूचित क्षेत्रात जमीन परक्या हाती जाऊ नये यासाठी ग्रामसभेला अधिकार दिला आहे.

याखेरीज कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. १९८६ मध्ये घोषित झालेल्या आणि सुमारे ३६१ चौरस किलोमीटर पसरलेल्या या अभयारण्यात इथली कितीतरी गावे येतात. तिथे बांधकामाला वन खात्याचे निर्बंध लागू होतात.

मग जाहिरातीतले प्लॉट येतात कुठून?

काही प्लॉट खरोखर वैध असतात. बिगर आदिवासी खातेदाराची, रीतसर अकृषिक झालेली, मंजूर रेखांकनातील जमीन विकायला कायद्याची आडकाठी नाही. पण अशी जमीन या पट्ट्यात थोडी आणि महाग. मागणी मोठी. या दोहोंतली दरी भरून काढायला तीन-चार वाटा वापरल्या जातात आणि त्या सगळ्या कागदावरच्या वाटा आहेत.

पहिली, कुलमुखत्यारपत्र. खरेदीखत होत नाही म्हणून आदिवासी मालकाकडून मुखत्यारपत्र, साठेखत आणि ताबा पावती लिहून घ्यायची. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे की, अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही. दुसरी वाट नोटरीपुढच्या ९९ वर्षांच्या भाडेकराराची. कलम ३६-अ मध्ये भाडेपट्टाही येतो, त्यामुळे परवानगी नसेल तर या कराराला कायदेशीर आधार राहत नाही. तिसरी वाट बेनामीची: जमीन दुसऱ्या आदिवासी व्यक्तीच्या नावावर घ्यायची, पैसा शहरातल्याचा. यात शहरातल्याच्या हातात कायद्याने काहीच उरत नाही आणि नाव देणाऱ्याच्या मानेवर बेनामी व्यवहाराचा खटला लटकत राहतो.

चौथी वाट तुकड्यांची. पाच गुंठे म्हणजे ५,४४५ चौरस फूट. तुकडेबंदी कायद्याखाली २०२३ पासून जिरायतासाठी किमान २० गुंठे आणि बागायतासाठी १० गुंठे ही मर्यादा आहे. २०२५ मध्ये सरकारने तुकडेबंदीत सवलती जाहीर केल्या, पण त्या निवासी वापराकडे वळलेल्या क्षेत्रांतील व्यवहारांसाठी. डोंगरातल्या भाताच्या खाचराचे पाच-पाच गुंठ्यांचे तुकडे विकण्याची ती मोकळीक नव्हे. शिवाय कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार, जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन घ्यायलाही परवानगी लागतेच.

समजा, संगमनेरच्या एका निवृत्त शिक्षक दांपत्याने भविष्य निर्वाह निधीतले १८ लाख रुपये असा प्लॉट घेण्यात घातले. सातबाऱ्यावर नाव चढत नाही. बँक कर्ज देत नाही. बांधलेल्या खोलीला परवानगी नसते, म्हणून विजेची जोडणी अडते. मुलांना पुढे विकायचे तर खरेदीदार सातबारा मागतो. तक्रार झाली तर जिल्हाधिकारी चौकशी करून जमीन मूळ कुटुंबाला परत देण्याचा आदेश देऊ शकतात. आणि १८ लाखांतले किती मूळ मालकापर्यंत पोहोचले होते? मधल्या हातांचा हिशेब कुठल्याच कागदावर नसतो.

‘लेक टच’ म्हणजे पाणी कोणाचे?

प्रवरा नदीवरचे भंडारदरा धरण ब्रिटिशांच्या काळात बांधले गेले. काम १९१० मध्ये सुरू झाले आणि डिसेंबर १९२६ मध्ये मुंबई प्रांताचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. त्यांच्या नावाने धरण, तर अभियंता आर्थर हिल यांच्या नावाने जलाशय ओळखला गेला. धरणाची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट. हे पाणी शंभर वर्षे खाली वाहत आले आहे. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीचा ऊस त्यावर उभा राहिला. त्याच उसावर लोणी येथे १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि राज्याच्या सहकाराने तिथून पाऊल टाकले.

पाणी जिथे अडले, त्या काठावरच्या गावांच्या वाट्याला मात्र भात, नाचणी, वरई आणि हिरडाच राहिला. भात निघाला की इथली अनेक कुटुंबे जुन्नर-नारायणगावच्या बागायती पट्ट्यात मजुरीला जातात. धरणाने खोऱ्यातली सपाट जमीन घेतली. आता उरलेल्या उताराच्या जमिनीला ‘व्ह्यू’चा भाव आला आहे. म्हणजे पाण्याखाली गेलेल्या जमिनीचा फायदा खालच्या तालुक्यांना झाला आणि पाण्यावरच्या जमिनीचा फायदा शहरातल्यांना होणार.

जलाशयाची संपादित हद्द ही जलसंपदा विभागाची मालमत्ता. काठावरची ती पट्टी कोणाही खासगी व्यक्तीला विकता येत नाही. तेव्हा ‘लेक टच’ या शब्दांतला ‘टच’ कायद्याने अवघडच. निसर्गही तो पाळत नाही. ऑगस्टअखेर धरण काठोकाठ भरलेले असते, तेव्हाची छायाचित्रे जाहिरातीत येतात. मे महिन्यात तेच पाणी कितीतरी खाली सरकलेले असते आणि मध्ये भेगाळलेला गाळ असतो. घाटघरला जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात. तिथल्या पावसाळ्यात बंद घराच्या भिंतींवर शेवाळ चढते, पत्रा गळतो आणि धुक्यात गाडी चालवणे जिवावर येते. ‘एकांत’ या शब्दाचा दुसरा अर्थ रात्री-अपरात्री दवाखाना लांब, असाही असतो.

समुद्राकाठी घर घेतलेल्यांचे काय झाले?

नगर जिल्ह्यातील शेतकऱ्याकडे सातबारा असल्याने कोकणात शेतजमीन घेणे त्याला तुलनेने सोपे. म्हणून धरणकाठ नको तर थेट किनारा, असा विचार अनेक जण करतात. तिथे सागरी किनारा नियमन क्षेत्र, म्हणजे ‘सीआरझेड’ची अधिसूचना लागू होते. ती प्रथम १९९१ मध्ये आली, नंतर २०११ आणि २०१९ मध्ये बदलली. २०१९ च्या नियमांनुसार दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून ५० मीटर आणि विरळ वस्तीच्या किनाऱ्यावर २०० मीटरपर्यंत बांधकामबंदीचा पट्टा असतो. म्हणजे जितका एकांत अधिक, तितके घर पाण्यापासून दूर.

हे नियम कागदावरच राहतात, असे समजणाऱ्यांनी दोन घटना आठवाव्यात. अलिबागजवळ किहीमच्या किनाऱ्यावरील नीरव मोदीचा बंगला ८ मार्च २०१९ रोजी सुरुंग लावून पाडण्यात आला. केरळमध्ये वेंबनाड सरोवरातील नेडियाथुरुथू या बेटावर एका कंपनीने ५४ व्हिलांचा रिसॉर्ट उभारला होता. ‘सीआरझेड’चा भंग ठरल्याने सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये पाडकामाचा आदेश कायम केला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तिथे हातोडा पडला. बेटावरची, पाण्याला लागून असलेली, टुमदार घरे. जाहिरातीत शोभतील अशीच होती ती.

सरोवराकाठचे उदाहरण पुण्याजवळचे आहे. वरसगाव जलाशयाच्या काठी लवासा उभे राहिले. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पैसे भरून घराची वाट पाहणारे ग्राहक वर्षानुवर्षे अडकले. भंडारदऱ्याच्या छोट्या प्लॉटवाल्याकडे तर एवढे मोठे नाव आणि वकिलांची फौजही नसते.

आदिवासी मालकाला विकण्याचे स्वातंत्र्य का नको?

हा आक्षेप खोटा नाही. ज्याची जमीन आहे त्याला ती बाजारभावाने विकता येत नाही, तिच्यावर सहज कर्ज मिळत नाही. मुलीच्या शिक्षणाला किंवा आजारपणाला पैसा लागला तर तो काय करणार? कायद्याने हात बांधले की माणूस चोरवाटेने विकतो आणि चोरवाटेला भाव कमीच मिळतो. सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी आदिवासींना जमीन खासगी व्यक्तींना भाडेपट्ट्याने देणे सोपे करण्याची घोषणा केली, तिच्यामागेही हाच युक्तिवाद होता. आदिवासी संघटनांनी तिला विरोध केला.

पण मोकळीक दिली की भाव चांगला मिळेल, हे गृहीतक तपासून घ्यायला हवे. सौद्यात एका बाजूला रोख घेऊन आलेला दलाल असतो आणि दुसऱ्या बाजूला अडचणीत असलेले कुटुंब. अडचणीतला विक्रेता भाव ठरवत नाही, भाव स्वीकारतो. हातात आलेली रक्कम काही वर्षांत संपते. जमीन एकदा गेली की पुढच्या पिढीला त्याच जागी रखवालदाराची नोकरी उरते. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे जपण्याच्या कामासाठी २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. ते बियाणे त्यांनी याच तालुक्यातल्या मातीत जपले. जमीन प्लॉट झाली की ते बियाणे पेरायचे कुठे?

म्हणून बंदी उठवणे हा उपाय नाही. बंदीमुळे निर्माण होणारी अडचण दूर करणे हा उपाय आहे. आदिवासी खातेदाराला जमीन न गमावता संस्थात्मक कर्ज मिळायला हवे. पर्यटनासाठी भाडेपट्टा द्यायचाच असेल तर तो अल्प मुदतीचा, ग्रामसभेसमोर वाचून दाखवलेला आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या नोंदीत असलेला हवा. आणि जाहिरातींवर नजर ठेवण्याचे काम कोणीतरी करायला हवे. ज्या गट क्रमांकावर हस्तांतरणबंदीची नोंद आहे, त्याच गटाचे प्लॉट उघडपणे विकायला निघतात, तेव्हा ‘आमच्याकडे तक्रार आली नाही’ हे उत्तर महसूल यंत्रणेला शोभत नाही.

जमीन न घेता तिथे राहता येत नाही का?

येते, आणि ते स्वस्तही पडते. भंडारदऱ्याला पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे. काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मेअखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत, रतनवाडी, साम्रद, घाटघर परिसरात स्थानिक तरुण तंबू लावतात, घरगुती जेवण देतात, सांदण दरीची वाट दाखवतात. अमृतेश्वराचे देऊळ, रतनगड, कळसूबाई हे सगळे सातबाऱ्याशिवाय पाहता येते.

हिशेब साधा आहे. १८ लाखांची ठेव ठेवली आणि सात टक्के व्याज धरले तर वर्षाला १ लाख २६ हजार रुपये येतात. त्यात वर्षातून कित्येक वेळा तलावाकाठी राहून येता येईल. पत्र्याला गळती नाही, रखवालदार नाही, तलाठ्याकडे खेटे नाहीत. मुद्दल शाबूत. आणि दिलेला पैसा दलालाकडे न जाता जेवण रांधणाऱ्या घरात जातो.

या पर्यटनालाही शिस्त हवीच. काजव्यांच्या झाडांखाली गाड्यांचे दिवे आणि ध्वनिक्षेपक चालू राहिले तर उद्या दाखवायला काजवेच उरणार नाहीत. पण हे दोष नियमांनी सुधारता येतात. गेलेली जमीन तशी परत आणता येत नाही. १९७४ चा कायदा करूनही किती खटाटोप करावा लागला, याचा इतिहास समोर आहे.

तरीही घ्यायचीच असेल तर काय तपासावे?

• गट क्रमांक घेऊन ‘महाभूलेख’वर सातबारा स्वतः पाहावा. दलालाने पाठवलेली प्रत पुरेशी नाही. ‘भोगवटादार वर्ग २’ किंवा इतर हक्कांत कलम ३६, ३६-अ चा शेरा असेल तर तिथेच थांबावे.

• जुने फेरफार काढावेत. जमीन पूर्वी आदिवासी खातेदाराची होती का आणि हस्तांतरणाला परवानगी होती का, हे त्यातून कळते.

• अकृषिक आदेश आणि मंजूर रेखांकन मागावे. ५०० चौरस मीटरहून मोठ्या आणि आठहून अधिक प्लॉटच्या प्रकल्पाला ‘महारेरा’ नोंदणी लागते. क्रमांक मागून संकेतस्थळावर पडताळावा.

• जलाशयाच्या संपादित हद्दीबद्दल जलसंपदा विभागाकडे आणि अभयारण्याच्या निर्बंधांबद्दल वन विभागाकडे लेखी विचारणा करावी. कोकणात असेल तर ‘सीआरझेड’चा नकाशा पाहावा.

• मुखत्यारपत्र, नोटरी करार, संमतीपत्र यांच्या आधारावर पैसे देऊ नयेत. ‘सगळे असेच घेतात’ हे वाक्य कानावर आले की उठून यावे.

• मे महिन्यात आणि जुलैमध्ये, असे दोनदा जागेवर जावे. गावात चहा घ्यावा. जमीन कोणाची, हे गावात सर्वांना माहीत असते.

शेवटची सूचना सर्वात सोपी, पण तीच सर्वाधिक टाळली जाते. कारण चहाच्या टपरीवर बसले की ‘निर्जन’ जागेत माणसे दिसू लागतात. त्या उतारावर कोणाचे खाचर आहे, कोणाचा हिरडा आहे, कोण दिवाळीनंतर मजुरीला जाणार आहे, हे कळते. मग प्लॉट घ्यायचा की त्यांच्याच घरी दोन दिवस पाहुणा म्हणून राहायचे, हे ठरवणे फारसे अवघड राहत नाही.